चार रविवार, अठराशे रुपये आणि इलेक्टिव्ह मेरिट

आधीच सांगते, हा वर्ग दुसऱ्या रविवारसाठी करावा. पहिला हुकला तरी चालेल, तिसरा हुकलेलाच बरा. चौथ्याचं पुढे येईलच.

वर्ग अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीवरचा, मराठीतून. चार रविवार, सकाळी दहा ते एक, फी अठराशे रुपये. जागा पुण्यात पेरुगेटाजवळ, दुसरा मजला. लिफ्ट आहे, पण ती रविवारी बंद असते आणि वर्ग रविवारीच असतो. संस्थेचं नाव देत नाही. पुढे तक्रारी यायच्या आहेत आणि पेठेत सगळे एकमेकांना ओळखतात. आम्ही बावीसजण होतो. त्यातले सोळा साठीच्या पुढचे, आणि त्या सोळातल्या बहुतेकांचं कुणी ना कुणी तिकडे. उरलेली सहा स्पर्धा परीक्षावाली मुलं. ती मागच्या रांगेत बसून सरांचा खोकलासुद्धा वहीत उतरवून घेत होती.

मी गेले ती मुलीमुळे. ती बॉस्टनजवळ राहते, २०१८ साली तिकडची नागरिक झाली आणि मार्च २०२० मध्ये तिने पहिल्यांदा प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या मतदानात, मत दिलं. वर्षभर फोनवर एलिझाबेथ वॉरन, एलिझाबेथ वॉरन. या डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीसाठी उभ्या राहिलेल्या सिनेटर. त्यांना पंचवीस डॉलर वर्गणीही दिली होती, आणि आमची लेक सोसायटीच्या गणपतीच्या वर्गणीलाही घासाघीस करणारी! तर ३ मार्चला मत कुणाला दिलं? बायडनना. म्हटलं, का गं? तर म्हणे, "आई, वॉरन चांगल्याच आहेत, पण त्या ट्रम्पला नाही हरवू शकणार." कोण म्हणतं असं? "सगळेच म्हणतात." त्या दिवशी वॉरन स्वतःच्या मॅसॅच्युसेट्समध्ये तिसऱ्या आल्या, बायडन आणि सँडर्स यांच्या मागे. दोन दिवसांनी त्यांनी माघार घेतली. माझ्या डोक्यात तेव्हापासून एकच किडा: "सगळेच म्हणतात" यातल्या सगळ्यांनी माझ्या मुलीसारखंच केलं असेल तर?

पहिल्या रविवारात विशेष काही नव्हतं. राज्यांना वाटून दिलेली ५३८ इलेक्टोरल मतं, त्यांवरच अध्यक्ष ठरतो, जिंकायला २७०. मेन आणि नेब्रास्का सोडून बाकी राज्यांत ज्याला जास्त मतं त्याला त्या राज्याची सगळी मतं. हे सगळं घरी बसूनही कळतं. एकच गोष्ट नवी होती. १९६८ साली ह्युबर्ट हंफ्री एकही प्रायमरी न लढवता डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार झाले, त्यावरून शिकागोच्या अधिवेशनात आणि बाहेर रस्त्यावर रणकंदन झालं, आणि मग नियम बदलून तिकीट ठरवण्याचं काम १९७२ पासून खऱ्या अर्थाने मतदारांच्या हातात गेलं. म्हणजे आपल्याकडे "इलेक्टिव्ह मेरिट (म्हणजे निवडून यायची ताकद) बघून तिकीट देणार" असं पक्षश्रेष्ठी म्हणतात आणि आपण कपाळावर हात मारून घेतो. तिकडे ते मेरिट बघायचं काम मतदाराच्याच गळ्यात घातलंय. आवडता उमेदवार कोण ते सांगा, आणि तो पेनसिल्व्हेनियातल्या तुम्ही कधी न पाहिलेल्या माणसाला आवडेल का, तेही सांगा.

आता दुसरा रविवार. सर निवृत्त प्राध्यापक, सत्तरीचे, बुशशर्ट, खिशाला दोन पेनं. आले आणि काही न बोलता प्रत्येकाला एक गठ्ठा वाटला. सात कार्डं, पोस्टकार्डाएवढी. प्रत्येकावर एका उमेदवाराची माहिती, नाव झाकलेलं, साल झाकलेलं, आणि माहिती फक्त निवडणुकीआधी लोकांना ठाऊक होती तेवढीच. खाली चौकोन: हा माणूस नोव्हेंबरात जिंकेल का, दहापैकी गुण द्या. वीस मिनिटं वेळ आणि शेजाऱ्याशी बोलायचं नाही. माझ्या शेजारच्या काकूंनी दहाव्या मिनिटाला माझ्या कागदात डोकावलंच.

एक कार्ड असं होतं. गव्हर्नर, राज्याची अर्थव्यवस्था चांगली चाललेली, शांत, स्वच्छ, घोटाळा नाही. पक्षाचं अधिवेशन नुकतंच झालंय, जुलैच्या सर्वेक्षणात विरोधकाच्या सतरा टक्के पुढे. मी आठ दिले. वर्गाची सरासरीही आठच्या आसपास. दुसरं कार्ड: लहानशा राज्याचा गव्हर्नर, बाईच्या भानगडीचे आरोप, तरुणपणी सैन्यभरती टाळल्याचे आरोप, जूनच्या सर्वेक्षणात तिघांमध्ये तिसरा. मी दोन दिले. एका काकांनी शून्य दिला आणि वर "चारित्र्य" असं लिहून दोनदा अधोरेखित केलं. तिसरं कार्ड: सिनेटर, युद्धात लढलेला, शौर्याची पदकं, तीनदा जखमी, आणि देश तेव्हा युद्धात. याला वर्गाने सगळ्यांत जास्त गुण दिले. मी नऊ.

सरांनी नावं उघडली. पहिला मायकल डुकाकिस, १९८८. जॉर्ज बुश थोरल्यांकडून ४० राज्यांत हरला, १११ इलेक्टोरल मतं. (तो रणगाड्यात हेल्मेट घालून बसलेला फोटो दाखवला. सत्य सांगायचं तर बिचारा स्कूटीवरच्या माझ्या भाच्यासारखा दिसत होता.) दुसरा बिल क्लिंटन, १९९२. जूनमध्ये थोरले बुश आणि अपक्ष रॉस पेरो यांच्या मागे तिसरा होता, नोव्हेंबरात ३७० इलेक्टोरल मतं घेऊन अध्यक्ष. तिसरा जॉन केरी, २००४. हरला.

केरीवर सर अर्धा तास बोलले आणि तो अर्धा तास सगळ्या अठराशे रुपयांच्या तोडीचा होता. २००३ च्या शेवटी डेमोक्रॅट मतदारांच्या मनात हॉवर्ड डीन भरला होता. इराक युद्धाला सडेतोड विरोध करणारा, तरुण पोरं त्याच्यामागे. पण जानेवारीत आयोवा राज्यात प्रत्यक्ष निवडायची वेळ आली तेव्हा केरी पहिला आणि डीन तिसरा. लोकांनी विचार केला: धाकट्या बुशसमोर युद्धविरोधी माणूस उभा केला तर तो घाबरट ठरेल, पदकवाला उभा करू, त्याला कोण नावं ठेवणार? त्या वेळी गाड्यांच्या मागे लावायच्या पट्ट्या निघाल्या होत्या, त्यांचा मराठी तर्जुमा सरांनी फळ्यावर लिहिला: "फिरलो डीनबरोबर, लग्न केरीशी." वर्गात हशा पिकला. शून्य देणारे काकासुद्धा हसले.

आणि मग काय झालं? ज्या पदकांकडे बघून निवडलं, त्या पदकांवरच विरोधकांनी जाहिराती केल्या. व्हिएतनामच्या नदीतल्या होड्यांवर याने खरंच पराक्रम केला का, यावर ऑगस्टभर चर्चा. मेरिट म्हणून घेतलेली वस्तूच अंगाशी आली.

इथे मी हात वर केला. म्हटलं, सर, म्हणजे लोकांचा अंदाज चुकलाच ना? सर म्हणाले, "ताई, ओहायोत केरी किती मतांनी हरला?" मला कुठून माहीत असणार. सुमारे १ लाख १८ हजार. सर म्हणाले, ओहायोची २० इलेक्टोरल मतं त्याला मिळाली असती तर तो अध्यक्ष झाला असता, आणि मग तुम्ही मला विचारलं असतं की लोकांचा अंदाज इतका अचूक कसा? मग फळ्यावर दुसरं गणित मांडलं. २०२० ला बायडन जिंकले, ३०६ इलेक्टोरल मतं, सगळे म्हणाले, बघा, जिंकणाराच माणूस निवडला होता. जॉर्जिया ११,७७९ मतांनी, ॲरिझोना १०,४५७, विस्कॉन्सिन २०,६८२. बेरीज केली तर ४३ हजारही भरत नाही. ही तीन राज्यं फिरली असती तर २६९–२६९, म्हणजे बरोबरी. विसर्जनाच्या रात्री लक्ष्मी रोडला याहून जास्त माणसं असतात. आणि हेच बायडन त्या वर्षी उमेदवारीच्या लढतीत आयोवात चौथे आणि न्यू हॅम्पशायरात पाचवे आले होते. त्यांचं कार्डही गठ्ठ्यात होतं, मी त्याला चार दिले होते.

मी निवृत्तीपर्यंत एका सहकारी बँकेत कर्जखात्यात होते. तिथे आम्ही हेच करायचो, कर्जदार फेडेल का याला गुण द्यायचे. पण तिथे शंभर कर्जदारांत पाच बुडाले तर आपलं गुण द्यायचं कोष्टक कुठे चुकलं ते दिसायचं. इथे चार वर्षांत एकच कर्जदार, आणि ज्याला कर्ज नाकारलं त्याने फेडलं असतं का, हे जन्मात कळायचं नाही. डीन उभा राहिला असता तर? कुणाला ठाऊक.

चहाच्या सुटीत (चहा अर्धा कप, बिस्किट एक, मोजून) सरांनी विचारलं की गुण देताना तुमच्या मनात काय चाललं होतं. जवळजवळ सगळ्यांचं उत्तर एकच. मला तसं काही वाटत नाही हो, पण लोकांना चालणार नाही. काका म्हणाले, मला भानगडीचं वावडं नाही, पण अमेरिकन लोक धार्मिक असतात. काकू म्हणाल्या, मला बाई अध्यक्ष चालेल, पण तिकडच्या पुरुषांना चालणार नाही. आणि मला आमचा फ्लॅट आठवला. १९९४ ला डहाणूकर कॉलनीच्या बाजूला दोन फ्लॅट बघितले होते. एकाच्या स्वयंपाकघरातून टेकडी दिसायची, सकाळचं ऊन ओट्यावर यायचं. मला तोच हवा होता. आमचे हे म्हणाले, याचं दार दक्षिणेकडे आहे, माझा नाही हो विश्वास, पण उद्या विकायला काढला तर गिऱ्हाईक मिळणार नाही. म्हणून दुसरा घेतला. पूर्वेचं दार, आणि ओट्यासमोर शेजाऱ्यांचं बाथरूम. तीस वर्षं उलटून गेली. विकायला अजून काढलेला नाही. आणि तो दक्षिणेच्या दाराचा फ्लॅट? त्या वेळी दोन महिन्यांत गेला, आमच्यापेक्षा वीस हजार जास्तीला.

घरी जाऊन मुलीला फोन केला आणि ही गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "आई, तू वॉरनवरून अजून तिथेच आहेस का?"

या कार्डांतली एक चूक सांगायलाच हवी. "वडील केनियाचे, सिनेटमध्ये पहिलीच खेप" असं लिहिल्यावर नाव झाकून काय उपयोग? "माजी चित्रपट अभिनेता, वय ६९" याचंही तेच. ओबामा आणि रेगन बावीसच्या बावीस जणांनी ओळखले आणि दहा दिले. सरांचा मुद्दा असा होता की त्या त्या वेळी या दोघांनाही भलेभले लोक "हा कसला जिंकतोय" म्हणत होते, पण तो मुद्दा कार्डाने सिद्ध होत नाही, सर. ती दोन कार्डं बदला.

तिसरा रविवार म्हणजे सर्वेक्षणं. अमेरिकेतून एक पाहुणे ऑनलाइन बोलणार होते. पाऊण तास "आवाज येतोय का, आवाज येतोय का" यात गेला, मग चेहरा आला तर आवाज गेला, आणि शेवटी संस्थेतल्या मुलाने स्वतःचा मोबाईल माइकला टेकवला. त्यातून जे ऐकू आलं त्यात एक किस्सा कामाचा होता. २०२३ च्या शेवटी सर्वेक्षणांत ट्रम्पविरुद्ध रिपब्लिकन उमेदवारीसाठी लढणाऱ्या निकी हेली बायडन यांच्या पुढे होत्या, आणि ट्रम्प होते त्यापेक्षा बऱ्याच जास्त फरकाने. म्हणजे कागदावर जिंकणारी उमेदवार त्याच. रिपब्लिकन मतदारांनी तो कागद बाजूला ठेवला. हेली यांना फक्त व्हरमाँट आणि राजधानी वॉशिंग्टन मिळालं. तरीही नोव्हेंबर २०२४ मध्ये ट्रम्प ३१२ इलेक्टोरल मतं घेऊन आलेच, आणि तेही समोर बायडन नसताना, कारण जुलैत बायडन यांनी माघार घेऊन कमला हॅरिस आल्या होत्या. वर्षभर आधी "याच्यासमोर तो" म्हणून घेतलेल्या सर्वेक्षणात "याच्यासमोर" असणारा माणूसच बदलून जातो, एवढं समजलं. बाकी दोन तास वाया. मी पैसे थोडे परत मिळतील का विचारलं तर ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, "पाहुणे आले होते ना?" नोट्सच्या झेरॉक्समध्ये शेवटचं पानही नव्हतं. ते "पुढच्या रविवारी" मिळणार होतं. अजून मिळायचंय.

त्याच दिवशी माझी स्कूटर उचलून नेली. गल्लीत एका बाजूला सम तारखेला, दुसऱ्या बाजूला विषम तारखेला गाड्या लावायच्या, आणि मी पाटी न बघता गेल्या महिन्याच्या आठवणीने लावली होती. हा वर्गाचा दोष नाही, तरी जाणाऱ्यांनी रिक्षाने जावं.

चौथ्या रविवारी सर कसब्यावर आले, आणि मागच्या रांगेतल्या मुलांनीसुद्धा पहिल्यांदा पेनं खाली ठेवली. मार्च २०२३ चा निकाल, पुण्यातल्या कसबा विधानसभेची पोटनिवडणूक. १९९५ पासून भाजपचा मतदारसंघ, गिरीश बापट पाच वेळा, मग मुक्ता टिळक. त्यांच्या निधनानंतर पोटनिवडणूक लागली. काँग्रेसचे रवींद्र धंगेकर भाजपच्या हेमंत रासने यांना जवळपास ११ हजारांनी हरवून आले. दुसऱ्या दिवसापासून सगळी पेठ धंगेकरांचं इलेक्टिव्ह मेरिट सांगू लागली. स्कूटरवर फिरतात, कुणाच्याही दारात जातात, वगैरे. त्याच मेरिटवर २०२४ ला लोकसभेचं तिकीट मिळालं. मुरलीधर मोहोळ यांनी सव्वा लाखाच्या आसपास मतांनी हरवलं. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा कसबा, पुन्हा तेच दोघं, आणि रासने १९ हजारांहून जास्त मतांनी निवडून आले. माणसं तीच, गल्ल्या त्याच, मध्ये वीस महिने. सरांनी विचारलं, मेरिट कुठे गेलं?

वर्गात यावर जे भांडण झालं ते लिहीत नाही. दोन काका आता एकमेकांशी बोलत नाहीत एवढंच.

सरांचं स्वतःचं मत असं की वारं कुठलं आहे ते आधी बघा: सत्तेतला माणूस लोकांना नकोसा झालाय का, महागाई किती, देशाला टोचणी कसली. १९८० ला महागाई साडेतेरा टक्के आणि इराणमध्ये अमेरिकन ओलीस; तेव्हाचे अध्यक्ष कार्टर यांच्यासमोर जो उभा राहील त्याला ते वारं होतं, आणि ज्या रेगनना टोकाचे म्हणत होते ते ४४ राज्यं घेऊन आले. उमेदवार ही वरून भुरभुरायची कोथिंबीर. मला हे पूर्ण पटलं नाही. १९६४ ला रिपब्लिकन गोल्डवॉटर सहा राज्यांत थांबले, १९७२ ला डेमोक्रॅट मॅकगव्हर्नना मॅसॅच्युसेट्स आणि राजधानी सोडून काही मिळालं नाही. वारं विरोधातच होतं, कबूल, पण दोघंही आपापल्या पक्षाच्या टोकाचे होते आणि स्वतःच्याच पक्षातली माणसं त्यांना सोडून गेली. कोथिंबीर नासकी असेल तर सगळी भाजी टाकावी लागते, असं मी म्हणाले. सरांनी ते फळ्यावर लिहिलं. बावीस जणांत माझं एकटीचं वाक्य फळ्यावर आलं, त्यामुळे माझा अभिप्राय थोडा झुकला असेल तर वाचणाऱ्यांनी समजून घ्यावं.

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा तारा चहाने घालवला, एक तिसऱ्या रविवारने. खुर्च्या प्लास्टिकच्या आहेत, गुडघेदुखीवाल्यांनी घरून उशी न्यावी. इंग्रजी शब्द सर फळ्यावर देवनागरीत लिहितात, ते फार बरं वाटतं. पुढची तुकडी दिवाळीनंतर आहे असं कळलं.

शेवटच्या दिवशी सरांनी सगळ्यांना एक कोरं कार्ड दिलं: ७ नोव्हेंबर २०२८ ला कोण जिंकेल ते आज लिहा, पाकीट बंद करा, संस्थेच्या कपाटात राहील. मी दोन नावं लिहिली, एक मला आवडणारं आणि एक निवडून येणारं, आणि मग बऱ्याच वेळाने दुसऱ्यावर काट मारली. पाकिटाचे पाच रुपये वेगळे घेतले.